तिच्या नावावरचं पथ्य

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं चांगली सापडत. आधी वाटे, ती आहे, तिला अवघड होईल. ती गेली तेव्हा वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल घरातलं बाहेर कशाला काढा. मग मुलगा म्हणाला, "बाबा, आता कोणाला काय फरक पडतो?" फरक पडतो. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात अजून माझ्या बायकोचा विषय निघाला की बायका म्हणतात, "स्वभावाने फार गोड होत्या, पण खाण्यावर ताबा नव्हता बिचारीचा." आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणतात, "काकांनी मात्र साथ दिली हो." ही दोन्ही वाक्यं माझ्यामुळे लोकांच्या तोंडी बसली आहेत. दोन्ही खोटी आहेत. ती खोडायची, एवढंच या लिखाणाचं काम.

माझी नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात गेली. फाइलीवर टिपण लिहिताना आधी वस्तुस्थिती, मग नियम आणि सगळ्यात शेवटी मत, अशी आमची पद्धत. नव्या मुलांनी मत आधी लिहिलं तर मी फाइल परत पाठवायचो. घरी मात्र मी मत आधी लिहिलं, आणि वस्तुस्थिती बघायची राहूनच गेली.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा ती सडपातळ होती. बाजारात फेरीवाल्याशी अशी घासाघीस करायची की तो शेवटी हात जोडून म्हणायचा, "ले जाओ माताजी, आप जीतीं." तेव्हा तिचं वय माताजी म्हणण्याचं नव्हतं, म्हणून ती त्यावरून आणखी थोडं भांडायची. निवृत्तीनंतर आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. पन्नाशी ओलांडल्यापासूनच तिचं अंग सुटायला लागलं होतं. हातपाय तसेच राहिले, पोट आणि कंबर तेवढी वाढली. ब्लाउजच्या शिवणीत ठेवलेली माया ती उसवायची, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उसवायची, आणि माया संपली की बाजूला कापडाची पट्टी जोडायची. मी पेपर वाचता वाचता ते बघायचो. माझी लग्नातली पँट मला अजून होते, हे मी आल्यागेल्याला सांगायचो. सांगून झालं की तिच्याकडे बघायचो.

ती दमायलाही लागली होती. दूध घेऊन येताना जिन्यात मध्येच थांबायची. उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणायची.

"वाटणारच," मी म्हणायचो. "आहेच जड."

"अहो, मी खाते किती ते तुम्ही बघता ना रोज?"

"समोर खातेस तेवढं बघतो."

माझं तर्कशास्त्र सोपं होतं. आत जातं तेवढंच अंगावर चढतं. अंगावर चढलं आहे, म्हणजे आत गेलं आहे. मला जाताना दिसलं नाही, म्हणजे चोरून गेलं आहे. एवढं पक्कं वाटत होतं मला हे, की ती खरंच काय खाते हे एखाद्या दिवशी नुसतं शेजारी बसून बघावं, असं कधी मनात आलं नाही.

उपाय मीच काढला: उपास. ती मुळात एकादशी, संकष्टी आणि श्रावणी सोमवार करायचीच. मी म्हटलं, गुरुवार धर. गुरुवार अंगवळणी पडला तेव्हा म्हटलं, शनिवारही धर. देवाचं होईल आणि वजनही उतरेल. तिने धरले. माझ्या सांगण्यावरून धरले, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे, कारण पुढे मी ते नाकारलं.

आता आपल्याकडचा उपास म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट आणि तूप. दुपारी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. संध्याकाळी रताळ्याचा कीस नाहीतर केळं आणि साखर घातलेलं दूध. मधल्या वेळी गोड चहा, कारण पोट रिकामं आहे म्हणून. आठवड्यातले निम्मे दिवस आमच्या घरात डाळ, उसळ, दही-पोळी बंद आणि नुसता पिष्टाचा मारा. तिला मधूनच चक्कर यायची. मी म्हणायचो, सवय होईल.

मी स्वतः उपास करत नव्हतो, पण खिचडी मला फार आवडते. उपासाच्या दिवशी मी आधी तिच्याबरोबर खिचडी खायचो आणि मग माझं वरण-भात-पोळीचं जेवण जेवायचो. संध्याकाळी फिरायला गेलो की बागेबाहेर मित्रांबरोबर जिलबी. याबद्दल मला कोणी कधी काही म्हटलं नाही. मी बारीक होतो.

वजन उतरेना. तेव्हा मी स्वयंपाकघरातले लाडवांचे, चिवड्याचे, गुळाचे डबे उचलून स्टीलच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. मुलगा आणि सून नोएडाला राहतात, रविवारी येतात. सून दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी, रागावली की निम्मी हिंदीत जाते. तिने चहाबरोबर काही शोधताना कपाट ओढून बघितलं.

"बाबा, हे काय आहे? ताला?"

"कुलूप."

"हां, तेच. कशाला? आई काय चोर आहेत का?"

"तिच्या भल्यासाठी आहे."

"बिल्कुल नाही पटत मला हे. घर आहे यार, गोडाऊन थोडीच आहे."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "असू दे गं. किल्ली खिशात असली की त्यांना दुपारची झोप छान लागते."

सून हसली. मी नाही हसलो. पण कुलूपही काढलं नाही.

काही महिने गेले. तिचं वजन होतं तिथेच राहिलं, उलट किंचित वाढलं. घरातलं सगळं माझ्या ताब्यात, तरी असं. कोणाही शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता की आपलं गृहीतक चुकलं आहे. मी असा निष्कर्ष काढला की ती शेजारणीकडे जाऊन खाते.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाचा महाप्रसाद कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहाच्या हॉलमध्ये होता. दिल्लीतले आमच्यासारखे जुने लोक, नव्याने बदलून आलेली नोकरदार कुटुंबं, छावणीतले काही फौजी आणि त्यांच्या बायका, सगळे एका पंगतीला. उकडीचे मोदक बायकांनी पहाटेपासून केले होते. तिनेही केले होते. तिच्या हातच्या मोदकाच्या पाकळ्या बघायला मुली गोळा व्हायच्या. वाढणाऱ्या बाईंनी तिच्या पानात दुसरा मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, घ्याच. तुमच्याच हातचा आहे. तूप सोडते वर."

मी समोरच्या रांगेतून मोठ्याने म्हणालो, "वाढू नका हो तिला! घरी सगळं कुलपात ठेवतो मी. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ना, ती हीच."

हॉलमध्ये हशा पिकला. छावणीतले एक निवृत्त सुभेदार होते, ते म्हणाले, "म्हणजे काका, तुम्ही रेशनवर पहाऱ्याला संत्रीच बसवलात की!" पुन्हा हशा. मला बरं वाटलं. लोकांना हसवता येतं याचं मला नेहमीच बरं वाटत आलं आहे.

तीही हसली. मोदक उचलून तिने शेजारच्या लहान मुलीच्या पानात ठेवला. "घे गं, तुला अजून कोणी संत्री नेमलेला नाही," असं काहीतरी म्हणाली. परतताना मेट्रोत ती माझ्याबरोबर चढली नाही. पुढे चालत गेली आणि बायकांच्या डब्यात बसली. इतक्या वर्षांत तसं कधी केलं नव्हतं. मयूर विहारला उतरल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "तिकडे बसायला जागा असते."

पुढच्या वर्षी गणपतीला ती आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षीही गुडघाच दुखला. मी एकटा जायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, वजन झालंय ना, गुडघे बोलणारच.

तपासणी सुनेच्या हट्टामुळे झाली. ती म्हणाली, दोघांचीही करायची, नाहीतर आई येणार नाहीत. घरी माणूस येऊन रक्त घेऊन गेला, मग सोनोग्राफी झाली, आणि यकृत किती कडक झालं आहे हे बरगडीवर टिचक्या मारल्यासारखं करून मोजणारं एक मशीन असतं, तेही झालं. एका सकाळी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या. सून ऑफिसच्या कॉलसाठी बाहेर गेली होती.

डॉक्टरांनी आधी तिला विचारलं, "आंटी, ड्रिंक करती हैं?"

"मैं?" ती दचकली. "डॉक्टरसाब, मैं तो खांसी की दवा भी नाक दबाके पीती हूँ."

"अच्छा. व्रत रखती हैं?"

"हाँ. बहुत."

"व्रत में क्या लेती हैं?"

तिने सगळं सांगितलं. साबुदाणा, बटाटा, वरी, रताळं, केळं, साखरेचं दूध. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आंटी, ये व्रत है या दावत?"

मी खुर्चीत पुढे सरकलो. माझी बाजू मांडायची हीच वेळ होती. म्हणालो, "मैं भी यही कहता हूँ. और ऊपर से ये छुपके खाती हैं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग तिला विचारलं, "इतने व्रत रखने को किसने बोला था?"

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "धार्मिक हैं ये, पहले से."

मग डॉक्टरांनी समजावलं. ते माझ्या शब्दांत लिहितो, पण त्यांनी सांगितलं त्यापेक्षा कमी-जास्त काही करत नाही. वय वाढलं की अंगातले स्नायू कमी होत जातात, आणि शरीर नुसतं बसलेलं असताना जे जाळतं ते जाळणंही मंदावतं. बाईची पाळी गेली की चरबी मांड्यांकडून पोटाकडे वळते. तेच जेवण, पण खर्च कमी. जे उरतं त्यातलं बरंच यकृताकडे जातं. यकृत म्हणजे घराचं कोठार. साखर आणि पिष्ट नको तेवढं आलं की ते त्याची चरबी करून ठेवतं. कोठार ओसंडलं की आत दाह सुरू होतो. सूज येते; बाहेरून दिसणारी नव्हे, आतली, धुमसणारी. "जैसे बंद कमरे में सीलन," डॉक्टर म्हणाल्या; बंद खोलीत धरते तशी ओल. सुजलेलं यकृत इन्सुलिनचं नीट ऐकत नाही, म्हणून शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते सारखं वाढलेलं राहिलं की चरबी साठते सहज आणि सुटते मुश्किलीने. चरबीमुळे सूज, सुजेमुळे पुन्हा चरबी. माणूस दमतो, हालचाल कमी करतो, स्नायू आणखी उतरतात. अशा माणसाने अर्धपोटी राहून फक्त पिष्ट खाल्लं तर वजन तसंच राहतं आणि अंगातला उरलासुरला कस जातो.

"चोरी-वोरी कुछ नहीं है, अंकल," त्या म्हणाल्या. "आंटी भूखी रही हैं. बस गलत चीज़ खाके भूखी रही हैं."

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, ते थांबलं, एवढं मी पाहिलं.

"अब आप आइए अंकल. आपका भी वही है."

मला वाटलं, कागद बदलले असतील. डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. माझेच होते. "बल्कि सूजन आपकी थोड़ी ज़्यादा है."

"मुझे? मैं तो पतला हूँ. मेरी शादी की पैंट आज भी आती है मुझे."

"पैंट बाँधते कहाँ हैं?"

मी शर्ट वर केला. पट्टा पोटाच्या खाली होता. वर, काडीसारख्या हातापायांच्या मध्ये, मडक्यासारखं छोटं गोल पोट. ते मला रोज आंघोळीला दिसत असणारच. डॉक्टर म्हणाल्या, वजनाचा काटा यकृताच्या आत बघत नाही. आपल्या लोकांमध्ये बारीक माणसाच्या यकृतातही चरबी सापडते, आणि बारीक असल्यामुळे तो तपासायलाच येत नाही.

मी वळून बघितलं तर बायकोने तोंड खाली घातलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. आवाज येऊ नये म्हणून पदर तोंडात धरून हसत होती.

सून गाडी आणायला गेली तेव्हा आम्ही दोघं पोर्चमधल्या बाकावर बसलो होतो. मी विचारलं, "सूनबाईला काय सांगायचं?"

"माझं आहे ते सांगू."

"आणि माझं?"

तिने रिपोर्टांची फाइल पिशवीत तळाशी सरकवली. मग म्हणाली, "तुमचं कशाला? सगळं ठीक निघालं म्हणू. घरात स्वयंपाक एकच होतो. मी पथ्य करीन, तेच तुम्ही खाल. गोळ्या मी देईन."

"असं कसं?"

"बोलणी खायची मला सवय आहे. तुम्हाला नाही. ताटावरून तुम्ही आयुष्यात एक शब्द ऐकलेला नाहीत, तुम्हाला सोसायचं नाही ते."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. घरी येऊन मी कपाटाचं कुलूप काढलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अच्छा. लाडवांची सुटका झाली म्हणायची."

त्यानंतर तिने जे केलं, त्याला मी आजही निर्धार म्हणतो. तिने उपास सोडले. सगळे नाही, एकादशी ठेवली, पण दूध, ताक आणि थोड्या फळांवर. देवापुढे उभं राहून तिने स्पष्ट सांगितलं, "साबुदाणा तू सांगितला नव्हतास. तो आमचा आम्हीच घुसवला." सकाळी मुगाचं धिरडं. दुपारी ज्वारीची भाकरी, उसळ, घट्ट वरण, काकडीची कोशिंबीर. भात चमच्यावर आला. चहातली साखर गेली, ती पहिल्यांदा माझ्या कपातून गेली. माझी जिलबी बंद करण्यासाठी ती माझ्याबरोबर फिरायला यायला लागली आणि मित्रांना म्हणाली, "भाईसाहब, इनको मेरे साथ चलना है, अकेले में मुझे डर लगता है." दिल्लीतल्या कुठल्याही फेरीवाल्याला न घाबरलेली बाई. डॉक्टरांनी स्नायू वाढवायला सांगितले होते, म्हणून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन ती गॅलरीत हात वर-खाली करायची, खुर्चीतून हात न टेकता उठायची आणि मलाही उठवायची. "उठा. अजून एकदा. मंत्रिमहोदय आले आहेत समजा."

वजन हळूहळू उतरलं. फार नाही, पण कंबर आत गेली. मधल्या तपासणीला आम्ही दोघंच गेलो; दोघांचीही सूज कमी झाली होती. माझी तिच्यापेक्षा जास्त कमी झाली होती.

आणि मंडळात गोष्ट अशी पसरली: काकूंचं लिव्हर बिघडलं, खाऊन खाऊन. काकांनी त्यांच्यासाठी स्वतःचं जेवण सोडलं. पुरणपोळी सोडली, साखर सोडली, एवढ्या वयात बायकोबरोबर व्यायाम करतात. मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मी ती खोडली नाही, एवढंच. कोणी पाठ थोपटली तर म्हणायचो, "करावं लागतं." ते खरंच होतं. मला करावंच लागत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मग मंडळाने गणपतीत मला बोलायला बोलावलं. विषय: जोडीदाराच्या आजारपणात साथ. या वेळी तीही आली. मीच आग्रह केला होता. तिने कपाटाच्या तळातून काढलेली आकाशी साडी नेसली होती आणि जुना ब्लाउज पट्टी काढून पुन्हा आत घेतला होता. पुढच्या रांगेत बसली. माइक हातात घेताना माझ्या मनात आलं होतं की सांगून टाकावं. खरंच आलं होतं. पण समोरचे चेहरे हसायला तयार बसले होते, आणि मी बोलायला लागलो तो वेगळंच बोललो. संयम, संसार, पथ्य. "तिच्यासाठी एवढं तरी करायला हवंच ना," असंही म्हणालो. टाळ्या पडल्या. ती पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. मान खाली घातली असती तर मला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर म्हणाली, "छान बोललात. आवाज मागेपर्यंत पोचत होता."

त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. मी काढला नाही.

सुनेला कळलं ते पुढच्या तपासणीला. मी गावाला गेलो होतो, बायकोला घेऊन सून गेली होती. डॉक्टर सहज म्हणाल्या, अंकलला पण घेऊन यायचं होतं, त्यांचं तर जास्त सुधारलं होतं. रविवारी सून एकटीच आली. बायको देवळात गेली होती.

"बाबा, तुमचंही होतं?"

मी हो म्हणालो.

"आणि तुम्ही तिथे माइकवर..." ती थांबली. "सॉरी, पण मला खूप राग येतोय. आई आहेत ना, त्यांना मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर लोक डाएट चार्ट पाठवतात. 'काकू, कंट्रोल ठेवा.' त्या थँक्यू लिहितात. थँक्यू!"

मला हे माहीत नव्हतं. मी तिला सगळं सांगून टाकलं: उपास कोणी धरायला लावले, डॉक्टरांसमोर मी काय बोललो, बाकावर काय ठरलं. म्हणालो, माझं चुकलं.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "आईंना सांगा ना. बस एवढंच करा."

बायकोला सांगणं चार भिंतींत झालं असतं. मी ठरवलं की ते पुरेसं नाही. मी तिला हॉलमध्ये बोललो होतो, त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर ते परत घ्यायचं. गणपतीला अजून वेळ होता. हे मी सबब म्हणून ठरवलं नव्हतं, निदान मला तसं वाटत नाही. पण घरात, दोन खुर्च्यांच्या मध्ये, तिच्या तोंडाकडे बघून म्हणण्यापेक्षा ते मला सोपं वाटत होतं, हेही खरं आहे. काय बोलायचं ते मी रोज फिरताना मनात घोळवायचो. मंडळाच्या अध्यक्षांना सांगून ठेवलं की या वर्षी मला थोडा वेळ हवा. तिला म्हटलं, "गणपतीला यायचं आहे तुला. गुडघ्याचं काही ऐकणार नाही."

"का? पुन्हा भाषण आहे?"

"आहे."

"मग मी मागे बसते. पुढे मान दुखते."

"नाही. पुढेच बसायचं."

 "बघू," म्हणाली.

श्रावणात ती गेली. सकाळी ताक घुसळताना छातीत दुखलं म्हणाली आणि खाली बसली. रुग्णालयात पोचेपर्यंत संपलं होतं. यकृताचा दाह इतकी वर्षं चालला की त्याचा भार हृदयावरही पडतो, हे डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं. तिचं त्यामुळेच झालं का, हे कोणी खात्रीने सांगितलं नाही, म्हणून मीही तसं म्हणणार नाही. पण बरगडीखाली जड वाटतं, हे ती मला तपासणीच्या कितीतरी वर्षं आधीपासून सांगत होती. ते ऐकलेला माणूस मी एकटा होतो.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. एकेक जण बोलला. तिच्या मोदकांबद्दल बोलले, तिच्या विनोदांबद्दल बोलले, आणि मग आवाज खाली आणून तिच्या पथ्याबद्दल आणि माझ्या त्यागाबद्दल बोलले. सून दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. शेवटी मला विचारलं, काका, दोन शब्द? मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरले.

त्या दिवशी बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितो आहे. यापुढे कोणी माझ्यासमोर ती दोन वाक्यं बोललं तर मी तिथल्या तिथे थांबवणार आहे. गेल्या महिन्यात एकदा थांबवलंही. समोरच्या बाई गोंधळल्या, म्हणाल्या, जाऊ दे हो काका. मी जाऊ दिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पण हे लोकांना सांगणं झालं. तिला सांगायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते बागेतल्या फेऱ्यांत घोटून घोटून असं तयार झालं होतं. ती पुढच्या रांगेत बसलेली असणार होती. माइक हातात घेऊन मी लोकांकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणणार होतो:

"मी इथे, या सगळ्यांसमोर तुला खादाड म्हणालो. तू कधीच चोरून खाल्लं नाहीस. उपास मी धरायला लावले, उपाशी तू राहिलीस. आजार दोघांचा होता, माझा जास्त होता, आणि तो तू तुझ्या नावावर घेतलास. मी घेऊ दिला. तू आजारी होतीस तेव्हा मी तुझं ऐकलं नाही, तुझ्यावर हसलो आणि लोकांना हसवलं. माझं चुकलं. मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. फक्त आज घरी जाताना मेट्रोत माझ्या डब्यात बस."